'ऐतिहासिक वाडा, बागेसह विकणे आहे' : एका जाहिरातीचे सावकाश वाचन (धागा)

मित्रहो, आजचा धागा दीर्घ आहे आणि थोड्या रागाने लिहिलेला आहे. दोन्हींबद्दल आधीच क्षमा मागते.

गेल्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांनी एक जाहिरात मोठ्या प्रेमाने पुढे पाठवली. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातले चौसोपी कौलारू घर, पुढे तुळशीवृंदावन, मागे नारळी-पोफळीचे आगर, आणि मजकूर असा : "तीनशे वर्षांचा ऐतिहासिक खोतांचा वाडा. मूळ मंगलोरी कौले, सागवानी खांब, वडिलोपार्जित आंबा-काजूची बाग, बारमाही विहीर, गोठा, दोन आउटहाऊस (एक रिकामे, दुसरे रिकामे करून मिळेल). शेतकरी दाखल्याची काळजी नको." त्याखाली आपल्या लोकांचे शेरे : 'आपला वारसा', 'डोळे पाणावले', 'सरकारने विकत घ्यावे', 'किती वैभव होते आपले'.

या 'आपले'वर मी अडखळले. ते घर मला ठाऊक आहे. ज्याला जाहिरात 'रिकामे आउटहाऊस' म्हणते, त्या खोपटात माझी आजी जन्मली. पण माझे दुखणे पुढे सांगते. आधी जाहिरातच वाचू. कागद वाचण्याचे शिक्षण आपण घेतो ते असल्याच प्रसंगी वापरायचे. माझे म्हणणे असे की या मजकुरातील बहुतेक विशेषणे खोटी आहेत, त्यातली काही निरुपद्रवी आहेत, आणि एक असे आहे की ते आज एका कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर काढू पाहत आहे.

सोप्यापासून सुरुवात करते. मंगलोरी कौल म्हणजे यंत्रात दाबलेले, भट्टीत भाजलेले, खाचेत खाच बसणारे सपाट कौल. त्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात काढला तो १८६५ साली. गलबतांतून ही कौले कोकणच्या बंदरांत उतरू लागली ती त्यानंतर. त्यापूर्वी येथे कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत आणि गोरगरिबांच्या घरांवर गवत नाहीतर भाताचा पेंढा. तेव्हा घर तीनशे वर्षांचे असेल तर कौले मूळ नाहीत, आणि कौले मूळ असतील तर घर एकशे साठ वर्षांच्या आतले आहे. दोन्ही एकत्र खरे असणे शक्य नाही. दलालाला हे कळले नाही तर समजू शकते. पण ज्यांच्या परिचयात 'इतिहास अभ्यासक' लिहिलेले असते, त्यांच्यापैकी एकालाही हा प्रश्न पडू नये?

'वडिलोपार्जित बाग' या शब्दाचीही तीच गत. छायाचित्रात आंब्याची कलमे सरळ ओळींत, मोजून सोडलेल्या अंतरावर दिसतात. जुन्या कोकणी घरामागची झाडे अशी शिपायांसारखी उभी नसतात. रायवळ आंबा, फणस, रातांबा, जायफळ जिथे रुजले तिथे वाढलेले असते. अशा ओळी बहुतेक १९९० नंतरच्या. त्या वर्षापासून महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान दिले आणि कोकणातल्या उजाड उतारांवर हापूस व काजू चढला. त्या आधी त्या उतारावर नाचणी, वरी, हरीक ही वरकस पिके होत, आणि ती कोण काढीत असे हे आपण पुढे पाहणारच आहोत.

'वाडा' या शब्दाने मात्र मला हसू आले. कोकणाच्या बऱ्याच भागांत वाडा म्हणजे गुरांचा गोठा. खोताच्या घराला गावात 'खोताचे घर' किंवा नुसते 'थोरले घर' म्हणत. वाडा हा शब्द देशावरून, दूरदर्शनवरून आणि आता दलालांच्या भ्रमणध्वनीवरून घाटाखाली उतरला आहे. असो.

आता 'खोत'. इथे थांबावे लागेल, कारण आपल्या पिढीला हा शब्द श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीच्या नावामुळे किंवा त्याहून अधिक २०१८ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे, आणि मनात येते ते पाऊस, अंधार, पितळी दिवे आणि शापित घराणे. खोती ही प्रत्यक्षात एक महसुली व्यवस्था होती. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये उभा असलेला, गावाचा ठरलेला सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा आणि त्या बदल्यात गावाकडून वसुली करणारा मनुष्य म्हणजे खोत. तिची मुळे आदिलशाही काळापर्यंत नेली जातात. पुढे हा अधिकार वंशपरंपरागत वतन झाला आणि रत्नागिरी जिल्हा व कुलाबा जिल्ह्याचा काही भाग, म्हणजे आजचे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड, यांतील असंख्य गावांत तो रुजला. देशावर इंग्रजांनी रयतवारी आणली, म्हणजे शेतकऱ्याचा थेट सरकारशी संबंध जोडला. कोकणात खोत मध्येच राहिला. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क नोंदवून पक्के केले.

गावात सगळी कुळे सारखी नव्हती. धारेकरी होते, ते सरकारी दराइतकेच भरत आणि त्यांची मान थोडी ताठ असे. त्यांच्याखाली साधी कुळे. त्यांच्याकडून भाताचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल, घेण्याची सर्वसाधारण वहिवाट होती. हा धान्याचा वाटा. यावर वेठ निराळी. मृगाचा पाऊस पडला की आधी खोताच्या शेताचा चिखल, खोताची लावणी, मग स्वतःचे. कोकणात लावणीचे चार दिवस मागे पडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी भातशेती आहे त्याला सांगावे लागत नाही. खोताकडे लग्न असो, घराची शाकारणी असो, पालखी उचलायची असो, कुळाच्या घरातला माणूस तिथे हजर असायचा.

आता हे सगळे डोक्यात ठेवून पुन्हा त्या छायाचित्रांकडे पाहा. ते घर या व्यवस्थेचे यंत्रच होते. दर्शनी बेडे, बेड्याच्या आत शेणाने सारवलेले खळे, तिथे भात झोडायचे आणि वाटा मोजायचा. खळ्याच्या वर दोन-तीन पायऱ्या चढून पडवी, पडवीच्या वर ओटी, ओटीवर झोपाळा. खोत झोपाळ्यावर बसून खाली चाललेले माप पाहू शकेल अशीच ती उंची राखलेली आहे. कोण कुठपर्यंत येणार हे जातीने ठरलेले : कोणी ओटीवर, कोणी पडवीच्या पायरीशी, कोणी अंगणात, आणि महारांनी बेड्याच्या बाहेर. माजघरालगतची अंधारी कोठीची खोली, जिच्या छायाचित्राखाली 'वाईन सेलर होऊ शकेल' असे लिहिले आहे, तिच्यात गावाच्या अर्ध्या भाताच्या कणग्या उभ्या असत. वास्तुशैलीचे कौतुक जरूर करा. जांभ्याच्या चिऱ्यांची ती जोडणी, पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून इतके खाली ओढलेले छप्पर, उन्हाळ्यातही गार राहणारे माजघर, हे खरेच शहाणपणाचे काम आहे. ते करणारे सुतार, पाथरवट आणि मजूर कोण, आणि त्यांतल्या किती दिवसांची मजुरी दिली गेली, हाही त्याच वास्तुशैलीचा भाग आहे.

शिवकाळाची ध्वजा खांद्यावर घेणाऱ्या मित्रांना एक आठवण देते. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांच्या महसूलव्यवस्थेचे वर्णन आहे. देशमुख, पाटील, मिरासदार मुलूख आपल्या हाती ठेवून, बुरूजबंद वाडे बांधून रयतेला नागवीत आणि सरकारात थोडेच भरीत, म्हणून महाराजांनी ते हुडे-वाडे पाडले, त्यांचा हक्क बांधून दिला आणि रयतेसारखी घरे बांधून राहावे असा दंडक घातला, असे सभासद सांगतो. बखर म्हणजे पुरावा नव्हे, तिच्यात राजनिष्ठेचा रंग आहे, हे मला कळते. तरीही घर हे सत्तेचे साधन असते आणि वतनदाराच्या घराची उंची हा राज्याच्या चिंतेचा विषय असतो, एवढे सतराव्या शतकातल्या एका कारकुनाला दिसत होते. एकविसाव्या शतकातल्या आपल्या भिंतीवर ते 'वैभव' झाले.

या ठिकाणी हमखास येणारा प्रतिवाद मी स्वतःच मांडते, कारण तो निराधार नाही. अनेक गावे खोतांनी वसवली, पडीक जमीन लागवडीला आणली, दुष्काळात कुळांना बी-बियाणे दिले, तळी-बंधारे राखले. शिवाय सगळे खोत गब्बर नव्हते. भाऊबंदांत वाटण्या होऊन एका खोतीचे आण्या-पैंचे हिस्से पडत आणि कारभार पाळीने फिरे. अशा घरांत ओटी मोठी आणि ताट लहान, असेही होते. लोकमान्य टिळकांचे घराणे चिखलगावच्या खोतांचे. त्यांनी 'केसरी'तून खोतांच्या हक्कांची बाजू मांडली, आणि सरकार आपल्या सोयीने वतनदाराचे हक्क कापते हा त्यांचा आक्षेप तेव्हाच्या राजकारणात समजण्यासारखा होता. हे सगळे मान्य. मात्र ज्या व्यवस्थेत कसणाऱ्याला आपल्या पिकाच्या अर्ध्यावर दावा सांगता येत नाही आणि नाही म्हणण्याची सोय नाही, ती चांगल्या खोताच्या हाती चांगली आणि वाईटाच्या हाती वाईट असते, एवढेच या प्रतिवादातून सिद्ध होते. कुळांना नशिबावर सोडायचे नव्हते, म्हणूनच पुढचे सगळे घडले.

पुढचे म्हणजे काय? २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की खोतांची जमीन कसायचीच नाही. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे! शेतकऱ्याने शेत पडीक ठेवणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी पकडून, मिळेल ती मजुरी करून ती वर्षे काढली. गिरणीच्या संपांवर आपण किती धागे लिहितो, आणि जगातल्या दीर्घ शेतकरी संपांत गणला जावा असा हा संप आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाला हे किती जणांना माहीत आहे?

याच काळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला थेट कब्जेदाराचा दर्जा, असे त्याचे स्वरूप होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात, याच खोतीच्या मुलुखात. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. बेड्याबाहेर उभा राहणारा आणि पडवीच्या पायरीशी बसणारा एका मोर्चात आले, हे मला त्या दशकातले सर्वांत लक्षणीय दृश्य वाटते.

१९३९ मध्ये कुळांना पहिले थोडे संरक्षण मिळाले. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा व १९५० पासून त्याचा अंमल, आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, ज्या दिवशी कायद्याने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कागदावर एवढे सरळ. प्रत्यक्षात कितीतरी कुळांची नावे त्या तारखेपूर्वीच पिकपाहणीतून गळाली, कोणी 'राजीनामे' लिहून दिले, कोणाला खरेदीची किंमत भरता आली नाही, आणि पुष्कळसे पुरुष त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत होते, गावी अंगठा उठवणाराही नव्हता. म्हणून आजही कोकणात सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यावरून भांडणे होतात. तीनशे वर्षांच्या गोष्टी सांगणाऱ्या या जाहिरातीत या शेवटच्या पाऊणशे वर्षांचा मागमूस नाही. जणू खोत झोपाळ्यावरून उठून थेट दलालाच्या कचेरीत गेले.

आता ती 'दोन आउटहाऊस'.

माझे पणजोबा त्या घरचे गडी होते. कूळ नव्हेत, कुळाला निदान वाट्याचे भात तरी मिळे. गडी म्हणजे वर्षाचा करार, पोटाला शिधा, वर्षातून धोतरजोडी, आणि आगराच्या कडेला मातीच्या भिंतींचे एक खोपटे. पहाटे रहाट जुंपायचा आणि पाटाचे पाणी माडापोफळींना फिरवायचे, हे त्यांचे काम. माझी आजी सांगते की रहाटाच्या कुरकुरीने तिला झोप लागत असे आणि ती थांबली की जाग येत असे, कारण थांबली म्हणजे रेडा अडला आहे आणि आता बाबा ओरडणार. साठच्या दशकात ते कुटुंब लालबागला गेले. खोपट्याची एक भिंत पडली, नंतर कोणीतरी त्यावर पत्रे टाकले. तेच हे 'रिकामे आउटहाऊस', छायाचित्रात त्याच्या दारावर जास्वंद आहे. मी ते चित्र आजीला दाखवले. तिने चश्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "दार इकडे नव्हतं गो." एवढेच. तिला त्या घरावर कसलाही हक्क सांगायचा नाही, आणि मलाही नाही.

पण दुसरे, 'रिकामे करून मिळेल' असे म्हटलेले, ते रिकामे नाही. तिथे दुसऱ्या गड्याचे कुटुंब तीन पिढ्या राहत आहे. आज त्यात एक म्हाताऱ्या काकी आणि त्यांचा नातू असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला त्या घराची नोंद आहे, काकी घरपट्टी भरतात, वीजमीटर आहे. आणि जो कूळकायदा आपण शाळेत दोन ओळींत संपवतो, त्याच्या सोळाव्या व सतराव्या कलमांत कुळाच्या राहत्या घराला जमीनमालकाच्या जागेतूनही हुसकावण्यापासून संरक्षण आणि त्या जागेच्या खरेदीचा पहिला हक्क दिलेला आहे. अठराव्या कलमाने तो लाभ शेतमजूर आणि गावच्या कारागिरांपर्यंत नेला. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की शेत मिळाले तरी चूल दुसऱ्याच्या जागेत असेल तर माणूस मोकळा होत नाही.

म्हणून मला 'आउटहाऊस' या एका शब्दाचा इतका राग आहे. घर म्हटले की प्रश्न येतो, कोणाचे? आउटहाऊस म्हटले की तो प्रश्न उरत नाही. ते थोरल्या घराचे शेपूट होते, गोठा आणि विहिरीच्या यादीत जाऊन बसते. खोतीच्या काळात निदान त्या खोपट्याला त्या माणसाच्या नावाने ओळखत, अमक्याचे खोपटे म्हणत. खोतांच्या भाषेत जी जागा त्याला होती ती आपल्या जाहिरातीच्या मराठीत उरली नाही. आणि आपण, इतिहासावर प्रेम करणारी मंडळी, हजारो वेळा ती यादी पुढे पाठवून तिच्यावर 'वारसा' असा शिक्का मारतो. उद्या काकींना घर खाली करा म्हणणाऱ्याच्या हातात आपलाच शिक्का असणार : ऐतिहासिक वास्तूच्या आवारातले अतिक्रमण.

'शेतकरी दाखल्याची काळजी नको' या वाक्याविषयी फार लिहीत नाही. त्याच कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. काळजी नको असे जो लिहितो त्याला ते माहीत आहे.

दुसऱ्या टोकाच्या मित्रांशीही दोन शब्द. या जाहिरातीखाली काहींनी लिहिले की खोतांची घरे जळून जावीत, जेसीबी लावावा. हा राग मला घरून परिचित आहे. पण घर गेले की पुरावाही जातो. खळ्यापासून ओटीची उंची किती, कोठीत किती खंडी भात मावत असेल, गड्याच्या खोपट्याचे क्षेत्रफळ थोरल्या घराच्या न्हाणीघराएवढे तरी होते का, हे मोजायला काहीतरी उभे असावे लागते. आणि अशा घरांत पाडण्याची सुरुवात माळ्यापासून होते.

माळ्यावर कागद असतात. बोटखताच्या नकला, वसुलीच्या वह्या, कुळवार खाती, गड्यांचे करारनामे, जुने मोडीत आणि नंतरचे बाळबोधीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच माळ्यांसाठी गावोगाव वणवण फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच कागदांच्या ओढीने. पण तेव्हा शोध होता तहांचा, मोहिमांचा, वकिलांच्या बातमीपत्रांचा. अमक्या गड्याला किती पायल्या भात आगाऊ दिले आणि ते फेडायला त्याच्या मुलाने किती वर्षे राबायचे, असल्या वह्या कोणाला हव्या होत्या? त्या माळ्यावर राहिल्या, आणि आता किलोच्या भावाने जातात. घराच्या सौद्यात त्यांचा उल्लेखही नसतो.

कायदा इथे पूर्ण आंधळा नाही. शहरांतल्या वास्तूंना वारसा-नियम आहेत, मुंबईत १९९५ पासून. खेड्यातल्या खाजगी घराला, ते राज्य किंवा केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नसेल तर, तसे कवच नाही. परंतु १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांचे कोरीव लाकूडकाम हा पुरावशेष ठरू शकतो, आणि ऐतिहासिक मूल्य असलेल्या कागदपत्रांना तर पंचाहत्तर वर्षेच पुरतात. १९५० मध्ये खोती संपली. हिशेब करा : खोतीचे अगदी शेवटचे कागदसुद्धा आता त्या वयाला पोचले आहेत. ते देशाबाहेर खाजगीरीत्या नेता येत नाहीत आणि पुरावशेषांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. मुंबईच्या उपाहारगृहांत कोकणातले खांब उभे दिसतात तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मालकांविषयी माझी तक्रार नाही. वारस सात-आठ आहेत, कोणी डोंबिवलीत, कोणी पुण्यात, एक जण अमेरिकेत. दरवर्षी पावसाआधी कौले परतायला माणूस मिळत नाही, वाळवी तुळयांपर्यंत चढली आहे, आणि घराच्या खर्चावरून भावाभावांत बोलणे बंद आहे. त्यांनी घर विकावे, चांगल्या किमतीला विकावे. माझे म्हणणे विकण्यातल्या भाषेविषयी आहे, आणि त्या भाषेला टाळ्या देणाऱ्या आपल्याविषयी. अशी जाहिरात पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते : सातबाऱ्याच्या इतर हक्कात कोणाची नावे आहेत, आवारातल्या प्रत्येक छपराखाली कोण राहते, आणि माळ्यावर काय आहे. उत्तर मिळाले नाही, तर तसे लिहून पाठवावे. एवढ्याने जाहिरात थोडी कुरूप होईल. होऊ दे.

मी त्या घरातल्या एका वारस ताईंना संदेश पाठवला होता. पणजोबांचे नाव सांगितले. दोन दिवस उत्तर आले नाही. मग त्यांचाच फोन आला. त्यांना माझे पणजोबा आठवत नव्हते, रहाट आठवत होता. काकींच्या घराविषयी जाहिरातीत काय लिहिले आहे ते त्यांनी वाचलेच नव्हते, असे त्या म्हणाल्या, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. ते वाक्य काल संध्याकाळी जाहिरातीतून निघाले आहे. 'तीनशे वर्षे' आणि 'मूळ मंगलोरी कौले' अजून तशीच आहेत.

काकींच्या नातवाने घरपट्टीच्या जुन्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यातून काढल्या आहेत. सर्वांत जुनी त्याच्या आजोबांच्या नावाची आहे. तालुक्याच्या गावच्या एका वकिलांनी त्या पाहायचे कबूल केले आहे. माळ्यावर दोन पेट्या असल्याचे ताईंनी सांगितले, एकीला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. येत्या रविवारी मी मोजपट्टी, कॅमेरा आणि मोडी वाचणारा एक वर्गमित्र घेऊन जाते आहे. आजीला येववत नाही, तिने फक्त दार कुठल्या बाजूला होते ते कागदावर काढून दिले आहे.